कुठेही चालणारी पॉलिसी

दुकान बंद झालं तेव्हा वन्संनी सगळ्यात आधी काळजी केली ती शिलाई मशीनची. मालकाचा मुलगा ते भंगारात देऊन टाकणार, अशी त्यांना खात्री होती. वहिनींनी काळजी केली ती विम्याची. नणंद-भावजय एकाच घरात राहायच्या, पण एकाच वेळी एकाच गोष्टीची काळजी त्यांनी कधी केली नव्हती.

वन्सं गणवेशाच्या दुकानात कापड बेतायच्या. शाळेच्या पोरांचे, नर्सेसचे, पहारेकऱ्यांचे कपडे त्यांच्या कात्रीखालून गेले होते. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी त्या जातच राहिल्या. दुकानाने काढलेला विमा होता, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या विम्याचा विचार करायची वेळ आली नाही. आता दुकानाला टाळं लागलं आणि त्या सरकारी विम्यावर आल्या.

सरकारी विमा म्हाताऱ्या माणसाच्या दवाखान्याचा बराचसा भार उचलायचा, पण सगळा नाही. उरलेला आपल्या अंगावर यायचा. तो अंगावर येऊ नये म्हणून एखाद्या कंपनीची आणखी एक पॉलिसी घ्यायची. तिला सगळे नुसतं 'वरची पॉलिसी' म्हणायचे. ती घ्यायला सहा महिन्यांची मुदत होती. मुदतीत घेतली तर कंपनीला तुमच्या गुडघ्यांबद्दल किंवा रक्तदाबाबद्दल चौकशी करता यायची नाही. मुदत गेली की ती सगळं विचारणार, आणि नाही म्हणायलाही मोकळी.

वहिनींना हे तोंडपाठ होतं. त्यांचा नवरा, म्हणजे वन्संचा दादा, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता आणि काही वर्षं तसाच राहून गेला. त्या काळात दवाखान्यांची बिलं, कंपन्यांची उत्तरं आणि 'आमच्या नियमात बसत नाही' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या बाईला फोनचा आवाज नकोसा झाला होता. वन्सं त्या आजारपणातच हातभार लावायला म्हणून आल्या. दिवसा दुकान, संध्याकाळी दादाजवळ. दादा गेल्यावर त्या परत गेल्या नाहीत, आणि जा असं त्यांना कुणी म्हटलंही नाही.

कंपन्यांना वन्संचं वय कुठून कळलं कोण जाणे, पण फोन यायला लागले. पाठोपाठ गुळगुळीत कागदांची माहितीपत्रकं आली. प्रत्येकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं सायकलवरून हसत चाललेलं असायचं. वन्सं एकेक चित्र चष्म्याजवळ धरून बघायच्या. या बाईचे गुडघे बदललेले दिसतात, म्हणायच्या, आणि याची पँट कुणीतरी उंची न मोजताच शिवली आहे. वाचायच्या मात्र एक ओळ नाही. फोन आला तर कंटाळायच्या नाहीत. एकदा एका विक्रेत्याला त्यांनी डाव्या गुडघ्याची हकीगत सुरुवातीपासून सांगितली. उजव्यावर यायच्या आत त्यानेच फोन ठेवला.

वाचायचं काम वहिनींवर आलं. त्यांनी ते केलं, कारण त्यांना अर्धवट सोडलेलं काम बघवत नसे. जेवणाच्या टेबलावर पत्रकं पसरून त्या बसायच्या आणि पेन्सिलीने खुणा करायच्या. शेवटी दोनच प्रकार उरले. पहिली पॉलिसी स्वस्त होती. पण ती फक्त जिल्ह्यातल्या ठरावीक दवाखान्यांत आणि ठरावीक डॉक्टरांकडे चालायची. दुसरी चांगलीच महाग होती, आणि सरकारी विमा जिथे चालतो तिथे सगळीकडे चालायची.

वहिनींच्या मते यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. दोन थांब्यांवरचा मोठा दवाखाना स्वस्तवाल्या यादीत होता. वन्संचा गुडघ्यांचा डॉक्टरही होता. वन्सं कुठे जात-येत नव्हत्या. मग सगळीकडे चालणाऱ्या पॉलिसीचं करायचं काय? हे त्यांनी वन्संना समजावून सांगितलं. वन्सं ऐकून म्हणाल्या, बघू. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. बघू. मुदत संपत आली तरी वन्संचं बघून होईना. वहिनी रागावल्या नाहीत. रागवायला जेवढी ताकद लागते तेवढीही त्यांना आताशा काढवत नसे. त्यांनी सरळ पालिकेच्या मोफत सल्ला केंद्रात वेळ घेतली. तिऱ्हाईत माणसाने सांगितलं तर वन्सं ऐकतील, असा त्यांचा हिशेब होता.

केंद्र वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी जागा बरी निवडली आहे, एवढंच वन्सं म्हणाल्या आणि कठडा धरून चढायला लागल्या. एक पाय वर, दुसरा त्याच्या शेजारी, मग श्वास. वहिनी मागून चढत होत्या. त्यांचा हात वन्संच्या पाठीपासून थोडा लांब, तयार असा धरलेला. तो त्यांनी मुद्दाम धरला नव्हता. दादाच्या वेळेपासून समोरचं माणूस अडखळलं की तो आपोआप पुढे व्हायचा. त्या हाताबरोबर कंबरही वाकायची आणि कंबरेतून एक कळ मांडीपर्यंत उतरायची.

सल्लागार बाईंना सर्दी झाली होती. खोकल्याची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेत त्यांनी दोघींना बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. औषधं कुठली, डॉक्टर कोण, याआधी ऑपरेशन झालंय का. वन्संच्या आधी वहिनीच उत्तरं देत होत्या. गोळीचं नाव, ती सकाळची का रात्रीची, शेवटची रक्ततपासणी कधी झाली. बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, पुढच्या वर्षभरात राहायची जागा बदलायचा विचार आहे का.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"हो," वन्सं म्हणाल्या.

दोघींचे शब्द एकावर एक पडले. बाईंचं पेन थांबलं. त्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, की या एका उत्तराची त्यांना खात्री करून हवी. कारण जागा बदलणार असेल, तर जिल्ह्यापुरती पॉलिसी घेण्यात अर्थ नाही. दुसऱ्या जिल्ह्यात ती चालणार नाही, आणि तिथे गेल्यावर नवीन घ्यायला गेलं तर कसं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही.

"भाचीकडे जाणार आहे," वन्सं टेबलाकडे बघत म्हणाल्या. "तिच्या गावाला. कायमची."

वहिनींच्या मनात पहिल्यांदा आलं ते नवल नव्हतं, रागही नव्हता. खांद्यावरची जड पिशवी कुणीतरी न सांगता काढून घ्यावी तसं त्यांना हलकं वाटलं. क्षणभरच. आपल्याला काय वाटलं ते लगेच त्यांच्या लक्षात आलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या. राग आला तो त्यानंतर, आणि तो निम्मा स्वतःचाच होता. सल्लागार बाईंना त्या म्हणाल्या, आम्ही जरा खाली जाऊन येतो.

तळमजल्यावर चहाचं यंत्र होतं आणि भिंतीला लागून एक बाक. वहिनींनी दोन कप आणले. वर्तमानपत्रं वाचणारी चार-दोन माणसं आपापल्या पानांत डोकं घालून होती. वन्संनी पाय लांब केले आणि दोन्ही गुडघे तळव्यांनी चोळले. 

"कधी ठरवलंत?" वहिनींनी विचारलं.

दुकान बंद झालं तेव्हाच, वन्सं म्हणाल्या. भाची, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, किती दिवस बोलावतच होती. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिच्याकडे तळमजल्याची खोली रिकामी होती, जिने नव्हते, आणि तिला शिलाई शिकायची होती. मशीनही मालकाच्या मुलाने कटकट न करता देऊन टाकलं होतं. ते भाचीकडे आधीच पोचलं होतं.

"मशीन गेलं तरी मला पत्ता नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि मी तिकडे टेबलावर बसून तुमच्यासाठी कागद वाचतेय. सांगितलं का नाहीत?"

"तू नको म्हणाली असतीस. मग तुझ्या शब्दाचा मान ठेवून मला राहावं लागलं असतं."

"माझ्या घरात काय कमी पडलं तुम्हाला?"

वन्संनी कपातला चहा हलवला, प्यायला नाही. त्यांना बोलायला जड जात होतं. पण एकदा सुरुवात केल्यावर त्या थांबल्या नाहीत.

"दादा गेला ना, त्याच्या आदला हिवाळा. तू त्याला आंघोळ घालून बाहेर आणलंस, निजवलंस आणि बाथरूम पुसायला परत आत गेलीस. मी बाहेर त्याच्या कपड्यांच्या घड्या करत होते. तू आत म्हणालीस, यांच्यानंतर आणखी कुणाचं नाही. मला आता आणखी कुणाचं करायचं नाही. मोठ्याने म्हणालीस. तुला वाटलं नळ चालू आहे, कुणाला ऐकू जाणार नाही."

वहिनींना तो दिवस आठवला नाही. तसे दिवस इतके होते की एक वेगळा काढून आठवणं शक्यच नव्हतं. पण वाक्य आपलंच आहे हे त्यांना ऐकताक्षणी कळलं. तसं काही नव्हतं, असं म्हणता आलं असतं. दमलेलं माणूस काहीबाही बोलतं, मनावर नका घेऊ, असंही म्हणता आलं असतं, आणि वन्संनी तेवढ्यावर समाधान मानूनही घेतलं असतं. वहिनींनी भिंतीकडे बघत ती दोन्ही वाक्यं मनात म्हणून पाहिली. दोन्ही खोटी वाटली.

"म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "मनापासून म्हटलं होतं."

"माहीत आहे मला."

"आजही तेच म्हणेन, वन्सं. तुम्ही राहा असं म्हणायला तोंड उघडते आणि आतून कंबर बोलायला लागते."

वन्सं हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत, तशा त्या नेहमी हसायच्या. "तुझी कंबर तुझ्यापेक्षा खरं बोलते," त्या म्हणाल्या.

वहिनींना हसू आलं नाही. त्यांना रडूही आलं नाही, फक्त सगळं अंग जड झालं. इतकी वर्षं आपण काही लपवत होतो हेही त्यांना माहीत नव्हतं. आणि ते लपवलेलं वन्संनी त्याच दिवसापासून ऐकून ठेवलं होतं. ऐकूनही त्यांनी कधी टोमणा मारला नाही. उलट दर संध्याकाळी दुकानातून आल्यावर दादाजवळ बसल्या आणि वहिनींना खाली चक्कर मारायला पाठवलं. आता आपले गुडघे पुरते जायच्या आत त्या स्वतःच उठून निघाल्या होत्या.

"भाची तरी का करेल तुमचं?" वहिनींनी विचारलं.

"नाही करणार. तेच तर बोलणं झालंय आमचं. मी पडले तर दवाखाना, आणि त्यानंतर लागेल तेवढे दिवस तिथलं व्यायामाचं केंद्र, पुन्हा चालायला शिकवतात ते. मला उचलायचं नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय. म्हणून मला ती महागातली हवी. तुला सांगायची तर आधी हे सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून बघू-बघू करत होते."

पुन्हा जिना चढायची वन्संची तयारी नव्हती. वहिनी एकट्याच वर गेल्या आणि सल्लागार बाईंना खाली यायची विनंती केली. बाई कुरकुरल्या नाहीत. कागद, पेन आणि रुमाल घेऊन आल्या आणि बाकावरच बसल्या. दोन पॉलिसींच्या हप्त्यांत किती फरक आहे तो त्यांनी प्रामाणिकपणे सांगितला आणि पुन्हा एकदा विचार करायला हवा का, असं विचारलं.

"गुडघे चालत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "निदान पॉलिसी तरी सगळीकडे चालू दे."

बाई हसता हसता खोकल्या. वन्संनी सही केली.

घरी आल्यावर वहिनींनी भाचीला फोन लावला. दादा गेल्यापासून स्वतःहून नंबर फिरवायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, जेवणातलं मीठ, ओल्या फरशीची भीती, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. भाचीने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "काकू, मी आत्याला ओझं म्हणून नेत नाहीये आणि फुकटची शिंपीण म्हणूनही नाही. खोली रिकामी आहे आणि मला घरात माणूस हवंय. जमलं नाही तर तसं सांगेन मी." हे शेवटचं वाक्य वहिनींना बरं वाटलं. जमेलच, असं ती म्हणाली असती तर त्यांचा विश्वास बसला नसता.

आवराआवरीत दोघी दोनदा भांडल्या, एकदा रजईवरून आणि एकदा चांगल्या कात्रीवरून. दोन्ही वन्संच्या सामानात गेल्या. स्टेशनावर वहिनींचा पाय निघेना. गाडी सुटल्यावर त्या फलाटावरच्या बाकावर बसून राहिल्या आणि पुढची गाडी येऊन गेली तेव्हा उठल्या. घरात पहिले काही दिवस त्या दोन माणसांचा चहा करत होत्या. मग सवय मोडली. रविवारी फोनवर बोलणं व्हायचं. वन्सं चष्म्याच्या दुकानातल्या गमती सांगायच्या, वहिनी शेजारपाजारचं सांगायच्या. तुझी कंबर काय म्हणते, असं वन्सं दर वेळी विचारायच्या. घर शांत होतं. त्या शांततेचा त्रास होत नाही, याचाच वहिनींना कधी कधी त्रास व्हायचा.

हिवाळा सरत आला असताना वन्सं पडल्या. ओल्या फरशीवर नव्हे, तर मशीनच्या स्टुलावरून उठताना. खुब्याचं हाड मोडलं. भाचीने ठरल्याप्रमाणे त्यांना उचललं नाही, रुग्णवाहिका बोलावली. ऑपरेशन झालं. दवाखाना वहिनींच्या जिल्ह्याबाहेरचा होता, पण पॉलिसीने तो नाकारला नाही. तिथून वन्संना व्यायामाच्या केंद्रात हलवलं तेव्हा वहिनी गाडीत बसल्या. त्यांनी बॅगेत पट्टा भरला होता, दादाला उचलताना कंबरेला बांधायचा तो.

केंद्रातली खोली उजेडाची होती. वन्सं पलंगावर टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, केस कुणीतरी वेगळ्याच बाजूने विंचरलेले. वहिनींना बघताच म्हणाल्या, "आलीस? खिडकी बंद कर, वारा येतोय." वहिनी म्हणाल्या, दुपारची हवा चांगली असते, उघडी राहू दे. त्यावर थोडा वेळ वाद झाला. शेवटी खिडकी अर्धी उघडी राहिली आणि दोघींना जरा बरं वाटलं.

तेवढ्यात दोघे मदतनीस आले. वन्संना खुर्चीत बसवायची वेळ झाली होती. वहिनी झटकन उठल्या, हात पुढे झालाच. त्यातल्या बाईने मान हलवली.

"आमचं काम आहे ते," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

वहिनी बसल्या. एकाने वन्संच्या कंबरेला रुंद पट्टा बांधला, दुसरीने पाय कुठे ठेवायचे ते सांगितलं. मग तिघांनी मिळून मोजलं आणि तीन म्हणताच वन्सं उभ्या राहून, अर्ध्या वळून, खुर्चीत येऊन बसल्या. घामाघूम झाल्या, पण बसल्या. वहिनी बघत होत्या. हेच त्यांनी किती वर्षं एकटीने केलं होतं, दिवसातून अनेकदा, कुणी न मोजता. दादाच्या पॉलिसीत घरी मदतीला येणारं माणूस नव्हतं. ती निवडताना तसं माणूस लागेल हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी खिडकीकडे बघत येऊ दिलं.

वन्संना दिसलं.  त्या भाचीच्या शिलाईबद्दल बोलायला लागल्या. पोरीचा हात चांगला आहे, पण काज करायला कंटाळते. बाह्या लावता येतात, कॉलर अजून जमत नाही. मी इथून सुटले की कॉलर शिकवायची. वहिनी हं हं करत होत्या. पाठीमागे गादीची मऊ खुर्ची होती. हातांना कुणाचं काही करायचं उरलेलं नव्हतं. त्यांचं हं हळूहळू लांबत गेलं आणि मग आलंच नाही.

वन्सं बोलायच्या थांबल्या. वहिनींची मान एका बाजूला कलली होती, तोंड जरा उघडं होतं. झोपेत त्या वयापेक्षा बऱ्याच म्हाताऱ्या दिसत होत्या. वन्संनी आपल्या मांडीवरची शाल ओढून, खुर्चीतून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून, त्यांच्या गुडघ्यांवर टाकली. एक कोपरा खाली लोंबत राहिला. तिथवर त्यांचा हात पोचला नाही.

दार ढकलून नर्स जेवणाचं ताट घेऊन आत आली आणि वहिनींना उठवायला म्हणून पुढे झाली. वन्संनी ओठांवर बोट ठेवलं.

"नको," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ताट तिथेच राहू द्या. निवलं तरी चालेल."